खलाची निगा

घरात कोणाला खोकला झाला, की फडताळातील खल खाली येतो. सुंठ, मिरी, पिंपळी कुटली जाते, चूर्ण मधात कालवून रोग्यास दिले जाते आणि खल वरवर पुसून पुन्हा फडताळात जातो. चूक होते ती या शेवटच्या क्रियेत. आज कुटलेल्या द्रव्याचा जो अंश तळाशी राहतो, तो उद्याच्या औषधात उतरतो. आणि उद्याचे औषध कदाचित लहान मुलाचे असते.

खलाला संस्कृतात ‘खल्व’ असा शब्द आहे. ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात दगडी खलाप्रमाणेच तापवून वापरावयाच्या लोखंडी खलाचेही वर्णन आढळते. घडण निराळी, तशी प्रत्येकाची निगाही निराळी.

दगडाला सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांत द्रव्यांचा गंध व तेलकटपणा मुरतो, आणि साबण वापरल्यास त्याचाही वास मुरतो. यासाठी काम होताच कोरड्या कुंचल्याने चूर्ण झाडावे, मग मूठभर कोरडे तांदूळ खलात घोटून टाकून द्यावेत. पीठ पांढरे व निर्गंध निघेपर्यंत ही क्रिया पुन्हा करावी. शेवटी कोमट पाण्याने धुऊन खल उन्हात पालथा न घालता उताणा वाळवावा, म्हणजे तळ ओला राहत नाही. ओलीत बुरशी धरते. नव्या दगडी खलात भिजवलेले तांदूळ वारंवार घोटावेत. कच निघून पीठ शुभ्र दिसू लागले, की तो वापरण्यास योग्य झाला.

पितळी खल चिंचेने उजळतो, कारण आंबट रसात वरचा काळपटपणा विरघळतो. तोच रस फार वेळ राहिला, तर तांब्याचा अंशही विरघळून औषधात येतो. म्हणून चिंच लावल्यावर खल लगेच भरपूर पाण्याने धुवावा, आणि आवळ्यासारखी आंबट द्रव्ये त्यात कुटूच नयेत. लोखंडी खल धुताच पुसावा व तेलाचा हलका हात द्यावा. पुन्हा वापरण्यापूर्वी ते तेल पुसून काढावे. चिनी मातीचा खल घोटण्यासाठी आहे, कुटण्यासाठी नव्हे. त्याला तडा गेला, की तो औषधाच्या कामातून बाद समजावा, कारण फटीतील मळ कोणत्याही कुंचल्याने निघत नाही.

बत्त्याचे टोकही खलाइतकेच काळजीने स्वच्छ करावे. पुष्कळदा त्याचाच विसर पडतो. बचनागासारख्या विषारी द्रव्याचा खल मात्र स्वतंत्रच हवा, आणि त्यावर तशी खूण हवी. तेथे धुण्यावर विसंबून चालत नाही.

औषधाची निवड वैद्य करतो, मात्राही तोच ठरवतो. परंतु त्या मात्रेत दुसरे काही मिसळू न देणे हे खल धुणाऱ्या हातांवर अवलंबून असते.