श्वसनमार्गातील जीवाणू व त्यांचा प्रतिजैविक-प्रतिरोध

प्रतिश्याय व कासाचे रुग्ण आपल्याकडे वर्षभर येतात. त्यांपैकी बहुतेकांचा संसर्ग विषाणूजन्य असतो आणि विषाणूंवर प्रतिजैविकांचा परिणाम होत नाही. तरीही अनेक रुग्ण औषधालयात जाऊन मागच्या वेळचीच गोळी मागतात. यातील धोका लक्षात येण्यासाठी श्वसनमार्गातील तीन प्रमुख जीवाणूंचा परिचय आवश्यक आहे.

स्ट्रेप्टोकॉकस न्यूमोनिए, म्हणजेच न्यूमोकॉकस, हे न्यूमोनियाचे एक प्रमुख कारण होय. जीवाणूची पेशीभित्तिका बांधणाऱ्या प्रथिनांना चिकटून पेनिसिलिन हे काम थांबवते. प्रतिरोधक न्यूमोकॉकसमध्ये या प्रथिनांची रचनाच बदललेली असते. त्यामुळे औषध नीट चिकटत नाही. हिमोफिलस इन्फ्लुएन्झी व मोरॅक्सेला कॅटारॅलिस यांचा मार्ग बहुधा निराळा असतो. ते बीटा-लॅक्टमेज हे विकर निर्माण करून अ‍ॅमॉक्सिसिलिनचे विघटन करतात. क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल त्या विकरास निष्प्रभ करते, म्हणून तेथे संयुक्त गोळी उपयोगी पडते. न्यूमोकॉकसच्या प्रतिरोधावर मात्र या आम्लाचा उपयोग नाही. सबब, गोळी जितकी ‘भारी’ तितकी गुणकारी, हा समज निराधार आहे.

हे जीवाणू निरोगी व्यक्तींच्या, विशेषतः लहान मुलांच्या, नाक-घशातही वास करतात. अनावश्यक प्रतिजैविकाने त्यांतील संवेदनक्षम जीवाणू मरतात. प्रतिरोधक तेवढे उरतात व घरातील इतरांपर्यंत पोहोचतात. अ‍ॅझिथ्रोमायसिन ज्या मॅक्रोलाइड गटातील आहे, त्या गटास न जुमानणाऱ्या न्यूमोकॉकसचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ च्या प्राधान्ययादीत केला आहे.

औषधालयचालकांनी अनुसूची एच-१ चे स्मरण ठेवावे. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या या अनुसूचीत सेफिक्झिम, लिव्होफ्लॉक्सासिन इत्यादी औषधे आहेत. ती चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवून ती तीन वर्षे जपावी लागते.

वैद्यांनी बालरुग्णाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजावेत. २ ते ११ महिन्यांच्या बालकात मिनिटास ५० वा अधिक, १ ते ५ वर्षांच्या बालकात ४० वा अधिक श्वास हे न्यूमोनियाचे सूचक होत. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असल्यास, ओठ निळसर पडल्यास वा मूल पाणी पिईनासे झाल्यास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. अशा रुग्णासाठी प्रतिजैविक जीवनदायी असते. साध्या पडशात ते वाया न घालवणे, हे याच रुग्णाच्या रक्षणाचे कार्य आहे.