थंडी देते, थंडीच नेते

पश्मिन्याची शाल आपण सगळ्याजणी ओळखतो, पण ती ज्या शेळीच्या अंगावर उगवते, ती फारशी कुणाला माहीत नसते. आज आम्ही तिच्याविषयी सांगणार आहोत.

लडाखच्या पूर्वेला चांगथांग नावाचे पठार आहे. उंची 14,000 फुटांच्या आसपास, आणि हिवाळ्यात पारा शून्याखाली 30 अंशांपर्यंत उतरतो. तिथले चांगपा लोक तंबू घेऊन चाऱ्यामागे फिरतात आणि ही चांगथांगी शेळी पाळतात.

दिवस लहान झाले, थंडी वाढली की तिच्या राठ केसांखाली मऊ लव उगवते. तोच पश्मिना. त्याचा तंतू 12 ते 15 मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतका बारीक. उन्हाळ्याच्या तोंडाशी ही लव सुटू लागते. तेव्हा ती लांब दातांच्या फणीने विंचरून काढतात. एका शेळीमागे वर्षाला जेमतेम पाव किलो निघते. राठ केस आणि माती काढल्यावर त्यातली निम्मीही उरत नाही.

मग ही शेळी आपल्याकडे आणावी का? नाही. ती लव तिकडच्या कडाक्याच्या थंडीची देणगी आहे. आपल्या हवेला आपली उस्मानाबादीच बरी.

पण शिकण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. हिवाळ्याआधी चांगपा कुटुंबे कळप निवडतात. म्हाताऱ्या, दात झिजलेल्या, अशक्त शेळ्या मांसासाठी काढतात. थंडीत मांस टिकते, घराला पुरते, थोडे विकताही येते. खच्ची केलेले बोकड मात्र राखतात, कारण ते लव चांगली देतात. अशक्त जनावर ठेवले तर ते बर्फात मरते, आणि मरेपर्यंत धडधाकट जनावराच्या वाट्याचा चाराही खाते. मग लवही नाही, मांसही नाही. 2013 च्या हिवाळ्यात मोठा बर्फ पडला, चारा त्याखाली गेला आणि हजारो जनावरे दगावली. त्यांत करडेही पुष्कळ होती. जी थंडी लव देते, तीच कळप नेते.

मैत्रिणींनो, त्यांचा हिवाळा तो आपला उन्हाळा. चारा संपल्यावर घाईने विकलेली, हाडे वर आलेली शेळी पडेल भावाने जाते. म्हणून होळीच्या आधीच आपला चारा मोजा, तो किती शेळ्यांना पुरेल ते ठरवा आणि बाकीच्या अंगावर मांस आहे तोवर विका. निवड आपण वेळेवर केली नाही, तर ती दुष्काळ करतो.