विरजण का लागले नाही?

जानेवारीत धुळ्याला पारा ६-७ अंशांवर उतरला की दही लागत नाही, याचे कोणाला नवल वाटत नाही. भांडे गोधडीत गुंडाळायचे. पण मे महिन्यात, जळगाव ४४ अंशांवर तापलेले असताना, सकाळी विरजलेले दूध संध्याकाळीही पातळच राहिले तर? कारणे बरीच असू शकतात, तरी गवळ्याला एवढे विचारावे: म्हशीला दगडी झाली होती का?

दगडी म्हणजे कासदाह. त्यावर सडात ट्यूब सोडतात आणि तिच्यात अनेकदा पेनिसिलिनच्या कुळातले औषध असते. ते पुढे काही दिवस दुधात उतरत राहते. उकळूनही फारसे जात नाही. दह्याचे जंतू त्याला भलतेच हळवे.

या हळवेपणाचे मूळ त्यांच्या भिंतीत आहे. जंतूभोवती साखरेच्या साखळ्यांची, आडव्या गाठींनी बांधलेली जाळी असते, बाजेच्या विणीसारखी. आतला दाब वाहनाच्या टायरमधल्यापेक्षाही जास्त असू शकतो. तो ही जाळी पेलते. जंतूला वाढायचे तर जुनी वीण जागोजागी कापून नवे धागे गुंफावे लागतात. पेनिसिलिन गाठ मारणाऱ्या विकरालाच अडकवून ठेवते. कापणे चालूच, बांधणे बंद! मग जंतू आतल्या दाबाने फुटतो. म्हणजे मरतो तो वाढणारा, निजलेला वाचतो. जंतुशास्त्रज्ञ जोसेफ बिगर यांनी १९४४ मध्येच असे तगून राहणारे जंतू दाखवले होते. आणि कोमट दुधातल्या विरजणाइतके झपाट्याने कोण वाढते? आपल्या पेशींना अशी भिंतच नाही, म्हणून त्या सुटतात.

पण पेनिसिलिन प्रत्येक जंतूवर चालत नाही. केळीत कंदकूज घडवणारा इर्विनिया हा जंतू वेगळा. त्याच्या पातळ भिंतीबाहेर आणखी एक स्निग्ध पडदा असतो. साधे पेनिसिलिन तिथेच अडते. शेतकरी आळवणीला वापरत आले ते स्ट्रेप्टोसायक्लिन. त्यातली औषधे भिंतीच्या वाटेला जात नाहीत, जंतूचे प्रथिने बनवण्याचे कामच बिघडवतात. गंमत म्हणजे स्ट्रेप्टोसायक्लिन बनवणारा पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखाना १९५४ मध्ये उभा राहिला तो पेनिसिलिनसाठी!

पुन्हा दुधाकडे: दगडीवरच्या ट्यूबच्या वेष्टनावर किती दिवस दूध विकू नये ते छापलेले असते. तेवढे दिवस ते दूध संकलनाच्या कॅनमध्ये ओतू नका.