एका लिटरात शंभर किलोमीटर

प्रयोगशाळेत मिळालेला इंधनखपाचा आकडा प्रत्यक्ष रस्त्यावर टिकतोच असे नाही. समोरचा वारा, चढ आणि रहदारी यांची गाठ तेथेच पडते. जर्मनीतील फोक्सवॅगन कंपनीचे तत्कालीन प्रमुख फर्डिनांड पीएख यांनी म्हणूनच एप्रिल २००२ मध्ये एक प्रायोगिक मोटार स्वतः चालवीत वोल्फ्सबुर्गहून हॅम्बुर्गला, भागधारकांच्या सभेसाठी, नेली. १०० किलोमीटरांस ०.८९ लिटर डिझेल लागले. म्हणजे लिटरमागे सुमारे ११२ किलोमीटर.

इंजिन एकाच सिलिंडरचे, ०.३ लिटर क्षमतेचे व अवघ्या ८.५ अश्वशक्तीचे होते. परंतु बचतीचे सारे श्रेय इंजिनाला देणे योग्य नव्हे. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. तो कमी व्हावा म्हणून दोन आसने एकामागे एक ठेवून गाडीची रुंदी सव्वा मीटरवर आणली होती. मागील चाके झाकली होती आणि आरशांऐवजी कॅमेरे बसविले होते. वजनाचा भार चढावर आणि थांबून पुन्हा निघताना विशेष जाणवतो. मॅग्नेशियमचा सांगाडा व कार्बनतंतूंचे आवरण यांमुळे ते २९० किलोग्रॅमच भरले.

अडचणही येथेच होती. हे पदार्थ महाग. शिवाय दोन माणसांपलीकडे गाडीत फारशी जागा नाही, मग बाजारहाटाचे मोठे ओझे न्यावे कोठे? याच मालिकेतील ‘एक्सएल-१’ ही मोटार २०१३ मध्ये विक्रीस आली. तीत डिझेल इंजिनाला विजेच्या मोटरची जोड होती व दोन्ही आसने जवळजवळ शेजारी होती. तिच्या २५० गाड्याच काढण्याचे ठरले होते.