तेर : वास्तू, वस्तू आणि पाहुणे

धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी वसलेल्या तेर या गावी पाहुण्यांची ये-जा पूर्वापार आहे. त्यांतील बहुसंख्य लोक संत गोरोबाकाकांच्या दर्शनासाठी येतात. काहींना मात्र ‘तगर’ पाहावयाचे असते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक नाविकाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या तगर या मोठ्या नगराचा उल्लेख आहे. तेथील कापड गाड्यांतून बिकट वाटांनी भडोचच्या बंदराकडे जात असे, असेही त्यात नमूद आहे. हे तगर म्हणजेच आजचे तेर, हे डॉ. फ्लीट यांनी १९०१ साली साधार दाखवून दिले. भाविक आणि जिज्ञासू या दोन्ही पाहुण्यांना तेरमध्ये एकेका घराशी यावे लागते. एक घर संताचे. दुसरे एका व्यापाऱ्याचे. त्या घराने जमविलेला संग्रह आज शासनाचे संग्रहालय म्हणून ओळखला जातो. या दोन्ही ठिकाणी पाहुण्याचे स्वागत कोणी व कसे करावे, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही.

कै. रामलिंगप्पा लामतुरे हे तेरचे रहिवासी. गावाच्या परिसरातील जुन्या वस्तीच्या टेकाडांतून पावसाळ्यानंतर मणी, नाणी, भाजक्या मातीच्या मूर्ती वर येत. त्यांचे मोल ओळखून त्यांनी त्या जमविल्या. त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या शासकीय वस्तुसंग्रहालयात आज सातवाहनकालीन नाणी, शंखाच्या बांगड्या, केओलिन मातीच्या सुबक मूर्ती, नाना तऱ्हेचे मणी आणि उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी द्वारशाखा पाहावयास मिळते. १९५८ साली व त्यानंतरही येथे शास्त्रीय उत्खनने झाली. पण त्यांच्या आधीची ही जमवाजमव एका खाजगी माणसाच्या ध्यासातून झाली, हे विसरता येत नाही. शेतात नांगर धरणारा, घरासाठी माती काढणारा आणि पोटासाठी गुरे राखणारा माणूसच अशा वस्तूंचा पहिला साक्षीदार असतो. ‘स्वयंसेवक’ हा शब्द संग्रहालयाच्या कारभारात पुष्कळ पुढे आला. स्वयंसेवा मात्र त्याच्या कितीतरी आधीची आहे.

संग्रहालयातील सर्वांत प्रसिद्ध वस्तू म्हणजे हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीमूर्ती. शाळेची सहल आली म्हणजे चाळीस मुले तिच्यासमोरून दोन मिनिटांत पुढे जातात. कोणी ‘हात लावू नका’ असे बजावतो आणि मुलांच्या लक्षात तेवढेच राहते. याच मुलांना कोणी थांबवून सांगितले की, इटलीतील पाँपेई हे नगर इ. स. ७९ मध्ये व्हेसूव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, त्या राखेतून १९३८ साली अशीच एक हस्तिदंती भारतीय मूर्ती निघाली, आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे आणि अभ्यासक तिची तुलना तेरच्या या मूर्तीशी करतात, तर मुलांचे पाय आपोआप थबकतील. आपल्या गावाचा व्यापार किती दूर पोहोचला होता, हे त्यांना नकाशावर बोट ठेवून पाहावेसे वाटेल. यासाठी फार मोठी विद्वत्ता लागत नाही. एक वस्तू नीट ठाऊक असलेला एक माणूस पुरतो. इंग्लंडमध्ये ‘नॅशनल ट्रस्ट’ ही १८९५ साली स्थापन झालेली संस्था शेकडो जुनी घरे लोकांसाठी खुली ठेवते, ती याच रीतीने. तेथे बहुधा एकेका दालनात एकेक स्वयंसेवक उभा असतो. साऱ्या घराचा इतिहास त्याने सांगावा, अशी अपेक्षा नसते. त्याचे दालन त्याने सांगावे, एवढेच. तेरसारख्या ठिकाणी नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला एकेक कपाट नेमून दिले, तर महिनाभरात तो आपल्या कपाटाचा जाणकार होईल.

संताच्या घरी मात्र ही रीत जशीच्या तशी चालणार नाही. गोरोबाकाकांचे घर म्हणून गावात दाखविल्या जाणाऱ्या वास्तूशी येणारा वारकरी माहिती विचारावयास येत नाही. तो उंबऱ्याला हात लावून कपाळाशी नेतो. संग्रहालयात स्पर्श हा अपराध, तर येथे स्पर्श हीच भेट. चैत्र वद्य त्रयोदशीला गोरोबाकाकांची पुण्यतिथी असते. त्या वेळच्या गर्दीत ‘दूर राहा, लवकर चला’ असे ओरडणारा स्वयंसेवक भाविकाला दुखावतो आणि वास्तूचेही रक्षण करीत नाही. आजीबाईंना ‘माउली, इकडून या, पायरी उंच आहे’ असे म्हणून हात देणारा स्वयंसेवक गर्दीला वळणही लावतो. कोठे हात लावू द्यावा आणि कोणती भिंत वा कोणते लाकूड जपावे, हे यात्रेपूर्वीच ठरवून, जपावयाच्या जागेपुढे साधी दोरी बांधणे हे पन्नास सूचनाफलकांपेक्षा अधिक उपयोगी पडते.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. भजनात दंग होऊन चिखल तुडविताना पायाखाली आलेले मूल, थापटण्याने संतांची डोकी पारखताना नामदेवांचे मडके कच्चे ठरणे, या कथा महाराष्ट्रात लहानथोरांना ठाऊक आहेत. संतमंडळींची ती पारख याच गावी झाली, अशी परंपरा आहे. आता एखादा पाहुणा विचारतो, ‘हे सारे याच भिंतींच्या आत घडले काय?’ अशा वेळी उत्साही स्वयंसेवक ठामपणे ‘होय’ म्हणून टाकतो. चार बुके शिकलेला असेल तर हसतो. दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. परंपरा काय सांगते, भिंतीच्या बांधणीवरून काय कळते आणि कशाविषयी निश्चित पुरावा नाही, हे तीन वाक्यांत वेगवेगळे सांगता आले पाहिजे. श्रद्धावंतास त्यात अवमान वाटत नाही, उलट सांगणाऱ्याच्या शब्दाला वजन येते. गावातील त्रिविक्रम मंदिर मुळात विटांचे बौद्ध चैत्यगृह असावे, असे अभ्यासकांचे मत आहे; तेही याच पद्धतीने, म्हणजे मत म्हणूनच सांगावे. कथेचा अर्थ पोहोचवावयाचा असेल, तर कुंभाराच्या धंद्यासारखे दुसरे साधन नाही. एक भाजलेले आणि एक कच्चे मडके शेजारी ठेवावे आणि पाहुण्याने स्वतः बोटाने वाजवून पाहावे. पक्क्या मडक्याचा खणखणीत आवाज आणि कच्च्याचा बद्द आवाज कानांनी ऐकला की नामदेवांची ती गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

स्वयंसेवकाच्या कामाला मर्यादाही हव्यात. पहारा देणे, कपाटाच्या किल्ल्या सांभाळणे, पुराणवस्तू हाताळणे वा स्वच्छ करणे ही पगारी आणि प्रशिक्षित कर्मचाऱ्यांची कामे होत. मनुष्यबळ कमी आहे म्हणून ती विद्यार्थ्यांवर ढकलणे म्हणजे विद्यार्थी आणि वस्तू या दोहोंना धोक्यात घालणे होय. ओल्या फडक्याने पुसलेली मूर्ती दोन हजार वर्षांत झाली नसेल एवढी हानी एका दुपारी सोसते. १९६९ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे गावोगाव होतात. वास्तूच्या आवारातील गवत काढणे, पाहुण्यांची नोंद ठेवणे, माहिती सांगणे, तुळजापूरच्या वाटेने येणाऱ्या कानडी व तेलुगू भाषिकांसाठी सोपे फलक तयार करणे अशी कामे त्यांना देता येतील. पाहुण्याकडून चहापुरतेही पैसे घ्यावयाचे नाहीत, हा नियम मात्र पहिल्याच दिवशी सांगितलेला बरा.

यांपेक्षाही तातडीचे एक काम आहे आणि ते केवळ गावकरीच करू शकतात. मराठवाड्यात माळवदाच्या घरांसाठी पांढरीची माती काढण्याची जुनी चाल आहे. पांढरी म्हणजे बहुधा जुनी गावठाणेच. त्या मातीबरोबर मणी, नाणी, खापरे बाहेर पडतात. सापडलेली वस्तू दडवली जाते याचे एक कारण लोभ असेल. पण बरेचदा ते भय असते. ‘सांगितले तर जमीन जाईल’ ही समजूत खोलवर रुजली आहे. या भयाचा लाभ गावात हिंडणाऱ्या खरेदीदारास होतो. पुराणवस्तूविषयक १९७२ चा कायदा १९७६ पासून अमलात आहे. त्यानुसार परवान्याशिवाय पुराणवस्तूंचा व्यापार करता येत नाही आणि खाजगी व्यक्तीला त्या परदेशी पाठविता येत नाहीत. ग्रामसभेत हे एकदा शांतपणे समजावून द्यावे आणि वस्तू सापडल्यास तलाठी, तहसीलदार वा संग्रहालय यांपैकी कोणाकडे जावे, हे नावानिशी सांगावे.

वस्तू विकली गेली म्हणजे केवळ वस्तूच जात नाही. ती कोणत्या टेकाडावर, किती खोल, कशाच्या शेजारी सापडली हे ज्ञानही कायमचे नाहीसे होते. खाजगी हौसेने जमविलेल्या कोणत्याही संग्रहाची हीच उणीव असते. वस्तू असते, तिची जागा नोंदलेली नसते. कोणत्या शेतात काय निघत असे, कोणत्या वर्षी पुराने काठ खचून काय उघडे पडले, हे गावातील वृद्ध स्त्रीपुरुषांच्या आठवणीत असते आणि दरवर्षी ती माणसे कमी होत जातात. शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या दोन-तीन जोड्या करून एक वही घालावी. सांगणाऱ्याचे नाव, शेताचे प्रचलित नाव, गट क्रमांक, सांगितल्याची तारीख आणि सांगितले ते त्याच्याच शब्दांत, एवढे रकाने पुरेत. वहीची एक प्रत शाळेत, एक संग्रहालयात ठेवावी. चैत्राची यात्रा आटोपल्यानंतर आणि मृगाच्या पेरणीपूर्वी म्हातारी मंडळी ओसरीवर निवांत सापडतात. वही त्याच दिवसांत उघडावी.