सीमेवरील दुकान आणि बिलावरील गाव

आमच्या जुन्या पेढ्यांची खतावणी ज्यांनी चाळली असेल, त्यांना हे ठाऊक आहे की गिऱ्हाइकाच्या नावापुढे त्याचे गाव लिहिल्याखेरीज ओळ पुरी होत नसे. अमुक, राहणार शिनोळी. तमुक, राहणार कोवाड. उधारीला तारण असे ते बहुधा या गावाच्या नावाचेच. वसुलीला जावयाचे कोठे आणि जामीन कोण राहील, हे त्या एका शब्दावरून कळत असे. आज मात्र हाच शब्द बिलावर लिहिताना बेळगावच्या छोट्या किराणा व्यापाऱ्याला विचार करावा लागतो. तो का, हे व्यापारीबंधूंपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

चंदगड तालुका १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता. राज्यपुनर्रचनेत तो कोल्हापूर जिल्ह्यास जोडला गेला आणि बेळगाव त्यावेळच्या म्हैसूर राज्यात गेले. गिऱ्हाईक तेच राहिले, वेंगुर्ल्याचा रस्ता तोच राहिला. पण १ जुलै १९५७ पासून आंतरराज्य विक्रीवर शेकडा १ रुपया केंद्रीय विक्रीकर सुरू झाला आणि पंधरा-वीस किलोमीटरवरच्या दुकानदारास पाठविलेला माल कायद्याच्या दृष्टीने परप्रांतास निघाला. पुढे तपासणी नाकी आली. त्या नाक्यांवर गेलेल्या वेळाचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि ही नाकी उठली. येथवर आम्ही नव्या कायद्याचे ऋण मोकळ्या मनाने मान्य करतो.

लहान व्यापाऱ्याची कायद्याने काळजी घेतली नाही, असेही नाही. केवळ मालाची विक्री करणाऱ्यास वर्षाच्या ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. १ एप्रिल २०१९ पासून कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत ही सवलत आहे. दीड कोटीपर्यंत उलाढाल असणाऱ्यास आपसमेळ योजना, म्हणजे आपण ज्याला कंपोझिशन म्हणतो ती, खुली आहे. व्यापाऱ्याने शेकडा १ रुपया भरावा आणि मोकळे व्हावे. परंतु कायद्याचे २४ वे कलम असे, की करपात्र माल परराज्यात विकणाऱ्यास उलाढालीची ही मर्यादा लागूच पडत नाही. विक्री शंभर रुपयांची असली तरी नोंदणी हवी. कंपोझिशनवाल्यास तर परराज्यात माल विकण्याची मुभाच नाही. पुण्याच्या दुकानदारास या कलमाची आठवण वर्षभरात एकदाही होणार नाही. निपाणीच्या दुकानदाराचे गिऱ्हाईक मात्र कागलचे, बेळगावच्या दुकानदाराचे चंदगडचे.

कोणी म्हणेल, धान्यावर कर कोठला? सुट्या धान्यावर नाही, हे खरे. पूर्वी पिशवीबंद धान्यावरही कर होता तो मुख्यतः छापाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या मालापुरता. १८ जुलै २०२२ पासून मात्र २५ किलोपर्यंतच्या, पिशवीबंद आणि लेबल लावलेल्या तांदूळ, डाळ, पीठ, गूळ यांवर शेकडा ५ कर बसला. त्याचा परिणाम बाजारात उघड्या डोळ्यांनी दिसतो: तांदळाची २५ किलोची पिशवी गेली आणि २६ किलोची आली. गिरणीवाल्यांच्या हिशेबीपणाचे कौतुक करावे की कायद्याची कीव करावी, हे वाचकांनीच ठरवावे. २६ किलो एकदम घेण्याची ऐपत असलेला घरमालक करातून सुटला आणि ५ किलोची पिशवी घेणारा मजूर सापडला. त्यातून वजनमापांचा कायदा सांगतो, पिशवीवर वजन, किंमत आणि भरणाऱ्याचे नाव छापा. करकायदा सांगतो, छापले आहे, तेव्हा कर भरा. पोते फोडून सुटे विकणारा दोहोंतून मोकळा. धान्य निवडून, स्वच्छ करून, लहान पिशव्यांत भरणारा होतकरू दुकानदार, किंवा खेड्यातील बायकांचा बचतगट, उलाढाल वाढली की या करात येतो, आणि सीमेपलीकडे विकू लागला की पहिल्याच पिशवीला २४ वे कलम आडवे येते.

सीमेवरच्या व्यापाऱ्यास पूर्वी एक आधार असे. माल दुकानातच गिऱ्हाइकाच्या हाती दिला, तर ती विक्री त्याच राज्यातील धरली जाई. १ ऑक्टोबर २०२३ पासून एकात्मिक कराच्या कायद्यात नवे उपकलम आले. नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाच्या बाबतीत बिलावर जो पत्ता लिहिला असेल, तेच विक्रीचे ठिकाण. केवळ राज्याचे नाव लिहिले तरी पत्ता लिहिला असे समजावे. काहीच लिहिले नसेल तर विकणाऱ्याचे ठिकाण. घरपोच मालाची ऑनलाइन विक्री करणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या दृष्टीने हा नियम सोयीचा आहे, यात शंका नाही. पण बेळगावच्या दुकानदाराने शिनोळीच्या नोंदणी नसलेल्या किराणावाल्यास साबणाची पेटी गल्ल्यावरच हाती दिली आणि सवयीने ‘शिनोळी, महाराष्ट्र’ असे बिलावर लिहिले, तर ती विक्री परराज्यातील ठरण्याचा धोका त्याच्या डोक्यावर येतो. ५० हजारांखालील बिलावर गिऱ्हाइकाने मागितल्याखेरीज नाव-पत्ता लिहिण्याची सक्ती नाही. तेव्हा कोरे बिल सुरक्षित आणि चोख बिल धोक्याचे, अशी ही उलटी रीत आहे. ज्याला उधारी द्यावयाची त्याचे गाव लिहू नये, हे आमच्या वाडवडिलांना समजावून सांगणे कठीण गेले असते.

यावर उपाय सरकारच्याच दप्तरात आहे. सेवा पुरविणाऱ्या लहान व्यावसायिकास २० लाखांपर्यंत परराज्यात काम करूनही नोंदणीतून सूट मिळते. १३ ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेने ती दिली. हस्तकलेच्या वस्तू विकणाऱ्यांनाही त्याच वर्षी तशी सूट मिळाली. मग सीमेलगतच्या तालुक्यांतील ४० लाखांखालील किराणा, कापड, भांडी यांच्या विक्रेत्यास ती का मिळू नये? जीएसटी परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश आणि सर्व राज्यांचे मिळून दोन तृतीयांश आहे. ठरावास तीन चतुर्थांश मते लागतात. एकट्या राज्याने मागून हे होणार नाही. कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा या तिन्ही राज्यांच्या अर्थमंत्र्यांकडे सीमाभागातील व्यापारी संघटनांचा एकाच मजकुराचा अर्ज गेला पाहिजे, आणि त्यासोबत, गिऱ्हाइकाचे नाव झाकून का होईना, गेल्या वर्षातील शंभर-दोनशे लहान बिलांच्या नकला जोडल्या पाहिजेत.