दोन पूर्णा, एक जिल्हा

बुलडाणा जिल्ह्यातून दोन पूर्णा वाहतात आणि एकमेकींना कधीच भेटत नाहीत. उत्तरेकडची पूर्णा सातपुड्यात, बैतूल जिल्ह्यातल्या भैसदेहीजवळ उगम पावते. अमरावती, अकोला करत ती शेगाव, नांदुरा, मलकापूरकडे येते आणि पुढे चांगदेवला तापीत मिसळते. तिचं पाणी सुरतेपलीकडे अरबी समुद्रात जातं. दक्षिणेकडची पूर्णा म्हणजे आपली खडकपूर्णा. ती अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावून जाफराबादकडून देऊळगाव राजा तालुक्यात शिरते, सिंदखेड राजा आणि लोणारच्या बाजूने परभणी जिल्ह्यात उतरते, तिथे गोदावरीला मिळते. तिचं पाणी पोचतं आंध्रच्या किनाऱ्यावर, बंगालच्या उपसागरात. एकाच जिल्ह्यातून गेलेलं पाणी शेवटी एकमेकांपासून हजार किलोमीटर दूर समुद्राला लागतं.

जगाच्या नकाशावर असे ‘जवळजवळ शेजारी’ बरेच आहेत. आफ्रिकेत झांबेझी नदीवर कझुंगुला नावाचं ठिकाण आहे. तिथे नामिबिया, बोट्स्वाना, झांबिया आणि झिम्बाब्वे हे चार देश एका बिंदूपाशी येतात, पण चौघांची गाठ काही पडत नाही. झांबिया आणि बोट्स्वाना यांची सुमारे दीडशे मीटरची सामाईक हद्द मध्ये आहे, म्हणून नामिबिया आणि झिम्बाब्वे एकमेकांना लागत नाहीत. २०२१ मध्ये तिथे ९२३ मीटर लांबीचा पूल सुरू झाला, तो झिम्बाब्वेच्या हद्दीत जाऊ नये म्हणून चक्क वळवून बांधला आहे. अफगाणिस्तानचा वाखान पट्टा काही ठिकाणी जेमतेम पंधरा किलोमीटरच्या आसपास रुंद आहे. इंग्रज आणि रशियन साम्राज्यं एकमेकांना भिडू नयेत म्हणून १८९५ च्या सुमारास तो राखला गेला. आज त्यामुळेच पाकिस्तान आणि ताजिकिस्तान शेजारी नाहीत. आपल्याकडे सिलिगुडीजवळची वीसेक किलोमीटरची चिंचोळी जागा नेपाळ आणि बांगलादेशाला वेगळं ठेवते.

या सगळ्या पट्ट्या माणसांनी ठरवल्या. बुलडाण्याच्या दोन पूर्णांमधली पट्टी दगडाने ठरवली आहे, आणि जिल्ह्यातल्या कोणालाही ती ठाऊक आहे. इथे माणूस आपलं गाव सांगताना ‘घाटावरचं’ की ‘घाटाखालचं’ हे आधी सांगतो. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर घाटाखाली. बुलडाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा घाटावर. जुन्या वऱ्हाडात हीच विभागणी पायनघाट आणि बालाघाट अशी होती. हा घाट म्हणजे अजिंठ्याच्या रांगेची उत्तरेकडची कड. तिच्या माथ्यावरून एक जलविभाजक रेषा जाते. रेषेच्या उत्तरेला पडलेला थेंब तापीचा, दक्षिणेला पडलेला गोदावरीचा. पण या रेषेच्या दोन्ही बाजू सारख्या नाहीत. मलकापूर समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आसपास, बुलडाणा शहर साडेसहाशेच्या. उत्तरेला एकदम उतार, दक्षिणेला मात्र जमीन हळूहळू कलत जाते.

याचं कारण जमिनीच्या पोटात आहे. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचा काळा दगड तयार झाला. पठाराचा एकूण कल पूर्वेकडे, म्हणून गोदावरी, कृष्णा, भीमा पूर्वेला गेल्या. तापी आणि तिची पूर्णा मात्र याला अपवाद. सातपुडा आणि अजिंठा यांच्या मधली जमीन भेगांच्या आधाराने खचली आणि त्या लांबट खोलगटातून पाण्याला पश्चिमेची वाट मिळाली. या खोलगटात नदीने गाळ भरला, तो कित्येक ठिकाणी शेकडो मीटर जाड आहे. त्या गाळात क्षार अडकून राहिले आणि विहिरीबोअरचं पाणी खारट झालं. घाटाखालचा शेतकरी ज्याला खारपाणपट्टा म्हणतो, तो याच खचलेल्या जमिनीचा वारसा आहे.

ही रेषा पाहायची तर मलकापूरहून राजूर घाट चढून बुलडाण्यात यावं. घाटातल्या नाल्यांचं पाणी खाली तापीच्या खोऱ्यात जातं. माथ्यावर आल्यावर काही किलोमीटरांतच येळगावचं धरण लागतं. ते पैनगंगेवर आहे. बुलडाणा शहर हेच पाणी पितं. पैनगंगेचा उगमही बुलडाणा तालुक्यातच, मढजवळ. तिथून ती मेहकरमार्गे वाशीमकडे जाते, वर्धेला मिळते, वर्धा प्राणहितेत आणि प्राणहिता गोदावरीत. म्हणजे घाट चढून आलेला प्रवासी तासाभरात अरबी समुद्राचं खोरं सोडून बंगालच्या उपसागराच्या खोऱ्यात येतो.

राज्यकर्त्यांनी आखलेल्या हद्दींना या रेषेची फारशी फिकीर नव्हती. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेलं, १९०२ मध्ये ते कायमच्या पट्ट्यावर दिलं गेलं. जालना, औरंगाबाद, परभणी निजामाकडेच राहिले. १५ ऑगस्ट १९४७ ला बुलडाणा स्वतंत्र भारतात आला, हैदराबाद संस्थान मात्र सामील झालं नाही. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या फौजेने शरणागती पत्करेपर्यंत, तेरा महिने, जिल्ह्याची दक्षिण शीव भारत आणि भारतात नसलेलं राज्य यांच्यातली शीव होती. खडकपूर्णा तेव्हा हैदराबादेत उगम पावत होती, बुलडाण्यात भारतात येत होती आणि परभणीला जाऊन पुन्हा हैदराबादची होत होती. तिच्या पाण्याला कुठे नाका लागला नाही.

या दोन खोऱ्यांपलीकडे जिल्ह्यात पाण्याचा तिसरा मुलूखही आहे. लोणार सरोवर चहूबाजूंनी गोदावरीच्या खोऱ्याने वेढलेलं, पण त्याचं पाणी गोदावरीला जात नाही. अशनीच्या आघाताने काळ्या दगडात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर पडलं. त्याच्या कडा उंच आहेत, आत ओढे आणि झरे उतरतात, बाहेर जायला वाट नाही. पाणी फक्त वाफ होऊन जातं, क्षार मागे राहतात. म्हणून ते खारं आणि अतिशय अल्कधर्मी आहे. जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं, तेव्हा क्षारात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग असल्याचं आढळलं. देशांच्या भाषेत बोलायचं तर दक्षिण आफ्रिकेच्या पोटात जसा लेसोथो, तसं गोदावरीच्या खोऱ्यात लोणार.

घाटाची रेषा कायमची आहे असंही नाही. उत्तरेचे ओढे तीव्र उताराने धावतात, म्हणून त्यांची झीज जास्त. पावसागणिक ते कड मागे खात दक्षिणेकडे सरकतात. भूविज्ञानाच्या काळात अशी नदी पलीकडच्या नदीचा वरचा प्रवाह आपल्याकडे ओढूनही घेते. हे लाखो वर्षांचं काम आहे.

माणसाला मात्र तेवढा धीर नाही. गोसीखुर्द धरणापासून नळगंगेपर्यंत सुमारे ४२६ किलोमीटरचा कालवा काढून वैनगंगेचं पाणी पश्चिम विदर्भात आणण्याच्या प्रकल्पाला राज्य सरकारने २०२४ मध्ये मंजुरी दिली. वैनगंगा गोदावरीची, नळगंगा तापीची. म्हणजे ज्या पाण्याने पूर्वेला जायचं, त्यातलं काही मोताळ्याजवळच्या नळगंगा धरणापर्यंत येईल, दोन खोऱ्यांमधली दगडी हद्द ओलांडून. खोऱ्याची हद्द ही कायद्याचीही हद्द असते: गोदावरीच्या पाण्याचे राज्याराज्यांतले हिस्से १९८० च्या लवाद निवाड्याने बांधलेले आहेत, तापीला तो लागू नाही. वऱ्हाडाला पाणी हवं यात दुमत नाही. पण हद्द ओलांडणाऱ्या प्रत्येक थेंबाचा हिशोब आता दोन खोऱ्यांच्या खात्यांत मांडावा लागेल. कालवा कितीही लांब असला तरी पश्चिमेला वळवलेलं पाणी गोदावरीच्या खात्यातूनच वजा होणार आहे.